लिहून घेणार नंबर दोन

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, मी घरं लिहितो. बांधतो गवंडी, पण ते कुणाचं हे ठरतं माझ्या टेबलावर. ऐकणारा हसायचा आणि मला बरं वाटायचं. भूमला, आमच्या तालुक्याच्या गावी, नोंदणी कचेरीच्या कंपाउंडला लागून पत्र्याची शेडं होती, त्यातलं तिसरं माझं. पाटीवर ‘दस्तलेखक’ असं लिहिलेलं. पण लोकांच्या तोंडी आम्ही सगळे बाँड रायटर. चौतीस वर्षं त्या शेडात बसलो. सहा महिन्यांमागं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा परवाना परत केला आणि टेबल-खुर्ची शेजारच्या रायटरला देऊन टाकली.

स्वभावानं मी जरा तिरसट. ‘लवकर करा, एसटी जाईल’ असं म्हणणाऱ्याचा कागद मी मुद्दाम शेवटी घ्यायचो. दस्तात घाई केलेली माणसं पुढं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी डोळ्यांनी बघितलीत. शिवाय जीभ आवरायची मला सवय नव्हती. शेडात कायम पाच-सहा माणसं टेकलेली असायची. त्यांच्यादेखत एखाद्या गिऱ्हाइकाला टोला हाणला की सगळे हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, माझा दिवस त्यावर चांगला जायचा.

गिऱ्हाइकं पण एकेक नमुनेदार. ईट गावाकडचे दोन साडू एकदा आले. एकाची जमीन दुसऱ्यानं घ्यायचं पक्कं ठरलेलं, पण कुठल्यातरी लग्नात मानपानावरून बिनसलेलं, त्यामुळं दोघांत बोलणं बंद. एकाच बाकावर हातभर अंतर ठेवून बसले. एक जण मला म्हणायचा, त्यांला विचारा, हिरीचं पाणी किमतीत धरलंय का? मी विचारायचो. दुसरा मला सांगायचा, त्यांला सांगा, धरलंय. अख्खं खरेदीखत मी मधे बसून असं तयार केलं. आत नोंदणी करणाऱ्या साहेबांपुढं अंगठा द्यायची वेळ आली तर विकणाऱ्याचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर कुळव धरून रेषाच गेलेल्या. तेव्हा दुसऱ्यानं काही न बोलता त्याचं मनगट धरलं, अंगठा आपल्या धोतराला पुसला आणि मशीनवर नीट दाबला. बाहेर आल्यावर पुन्हा बोलणं बंद. असली माणसं बघून पोट भरायचं.

आता बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

खरेदीखताला दोन बाजू असतात. विकणारा तो ‘लिहून देणार’, घेणारा तो ‘लिहून घेणार’. दोन्हीकडं एकापेक्षा जास्त माणसं असतील तर त्यांना नंबर टाकायचे. लिहून घेणार नंबर एक, नंबर दोन. ज्याचं नाव लिहून घेणाराच्या जागी आलं तो मालक. पैसे कुणी दिले, कुणी उपाशी राहून साठवले, हे दस्त विचारत नाही. या खरेदीवर सरकारला भरावं लागतं ते मुद्रांक शुल्क. पूर्वी त्याचे स्टॅम्प पेपर मिळायचे, आता चलन काढायचं. आणि राहतं घर बाई स्वतःच्या एकटीच्या नावावर घेत असंल तर त्यात एक टक्का सूट आहे. पण सोबत एक जरी पुरुष लिहून घेणार म्हणून आला, तर सूट गेली. हा नियम आला तेव्हा मी स्वतः ठळक मार्करनं लिहून शेडात लावला होता. बायकांच्या नावावर घरं व्हावीत असं मला मनापासून वाटायचं. माझ्या आईच्या नावावर अख्ख्या जन्मात एक रेशनकार्डसुद्धा नव्हतं.

दस्ताच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात आमचं नाव असतं: ‘दस्त लिहिणार’. चौतीस वर्षांत माझं नाव खाली असलेला एकही दस्त माझ्या चुकीपायी उलटला नाही, असं मी छाती पुढं काढून सांगायचो. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते खरंही होतं.

सुरेखा सिस्टर माझ्याकडं आली ती तिच्या भावाला घेऊन. सिस्टर म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स. चाळिशीला आलेली, अंगानं किरकोळ, पांढऱ्या साडीवर खाकी पर्स. भाऊ मिलिंद तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. नखांत ग्रीस. दोघांनी आत येताना ‘जयभीम काका’ म्हटलं. यांचे वडील आणि मी एका वस्तीवरचे, एका शाळेतले. त्यामुळं दोघांना मी बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

सिस्टरनं भूममध्येच बसस्टँडच्या मागच्या बाजूला नव्यानं झालेल्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बघितलेलं. आई तिच्याजवळ राहणार. कर्ज बँकेचं. अडचण एवढीच की तिची नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांनी ऑर्डर संपायची, एक दिवस खंड पडायचा, पुन्हा नवी ऑर्डर. असं पंधरा वर्षं चाललेलं. पंधरा वर्षं गावोगावच्या बाळंतिणी सोडवणारी बाई बँकेच्या लेखी कायम नव्हती. बँक म्हणाली, कायम नोकरीतलं कुणीतरी सोबत घ्या. भाऊ तयार झाला. त्यानं घरी बायकोला नीट सांगितलंसुद्धा नाही, सरळ पगाराच्या स्लिपा घेऊन आला.

मिलिंदनं खिशातनं बँकेची चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. “काका, माझं बी नाव घाला. बँकेनं तसं सांगितलंय,” असं म्हणाला. चिठ्ठीवर निळ्या पेननं लिहिलेलं होतं: सुरेखा, मग अधिकची खूण, मग मिलिंद. बस्स, एवढंच. बँकेच्या माणसाला म्हणायचं होतं की कर्ज दोघांच्या नावानं. मी ती अधिकची खूण बघितली आणि लिहून घेणार नंबर एक, लिहून घेणार नंबर दोन असं करून टाकलं.

चूक काय झाली ते साध्या भाषेत सांगतो. घराचा जो मालक असंल त्यानं कर्जाच्या कागदावर यायलाच पाहिजे, असा बँकेचा आग्रह असतो आणि तो बरोबर आहे. पण कर्जाच्या कागदावर जो येईल त्यानं घराचा मालक झालंच पाहिजे, असं कुठं आहे? मिलिंदनं बँकेत सहकर्जदार म्हणून सह्या करायच्या होत्या आणि माझ्या शेडात नुसता चहा प्यायचा होता. ‘नाव घालणं’ हा आमच्याकडचा शब्द असा मोघम. कर्जात नाव घालतात, सातबारावर घालतात, लग्नपत्रिकेत घालतात. कुठं घालायचं हे विचारणं माझं काम होतं. बँकेत एक फोन करायचा होता. तो मी केला नाही, कारण मला सगळं माहीत होतं.

वर शहाणपणा असा, की सूट का मिळणार नाही हे मीच त्यांना समजावून सांगितलं. भाऊ सोबत आहे, पुरुष आहे, त्यामुळं एक टक्क्याची सूट बसत नाही. भिंतीवरच्या माझ्याच अक्षरांकडं बोट दाखवून सांगितलं. नियम शंभर टक्के बरोबर, आणि तो चुकीच्या दस्ताला लावलेला. सिस्टरनं पूर्ण शुल्काचं चलन भरलं. आत गेले, फोटो झाले, अंगठे झाले. दस्त झाला. माझ्या आठवणीत ती त्या दिवशी गप्पच होती. पुढं चार वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

अशिक्षित माणसाला मी दस्त शब्दन् शब्द वाचून दाखवायचो, त्याबद्दल माझं तालुक्यात नावही होतं. शिकलेल्याला मात्र कागद हातात द्यायचा आणि म्हणायचं, वाचा आणि सही करा. सिस्टर शिकलेली होती.

चार वर्षांनी एका सकाळी मिलिंद एकटा आला. बसला नाही, उभाच राहिला. त्यानं नगरपरिषदेची घरपट्टीची पावती टेबलावर ठेवली. त्यावर दोघांची नावं. त्याचं झालं होतं असं: डेपोजवळच्या भाड्याच्या खोलीत तो, बायको आणि दोन लेकरं. सरकारी योजनेतनं स्वतःचं घर व्हावं म्हणून अर्ज करायला गेला. त्या योजनेची पहिलीच अट, अर्जदाराच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. समोरच्या क्लार्कनं रजिस्टर काढलं आणि म्हणाला, तुम्हाला तर घर आहे. मिलिंद ती सही कर्जापुरतीच समजत होता, त्यामुळं त्याला आधी वाटलं, नावसाधर्म्यानं घोळ झालाय.

बायकोला कळल्यावर घरात काय झालं असंल ते त्यानं सांगितलं नाही, पण तोंडावर दिसत होतं. ज्या घरात तो पाहुणा म्हणून जाऊन जेवायचा, ते घर कागदावर त्याचं अर्धं होतं, आणि त्यापायी त्याला स्वतःचं घर मिळत नव्हतं. मी पावती हातात घेतली. कपाटातनं जुन्या दस्ताची माझी प्रत काढली. वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

“काका, कर्जात मी हाय तसा ऱ्हातो. ते काय म्या सोडनार न्हाय,” मिलिंद म्हणाला. “तेवढं घरातनं काढा मला.”

मी त्याला म्हणालो, चूक माझी आहे. हे तीन शब्द बोलायला मला किती वेळ लागला ते माझं मलाच माहीत. तो म्हणाला, “व्हय काका, पर आता काय करायचं?” रागावला असता तर बरं झालं असतं.

पहिला उपाय सुचला तो चूक-दुरुस्तीपत्राचा. स्पेलिंग चुकलं, गट नंबर चुकला, की हे पत्र करतात; खर्च नावाला. मी हौसेनं मसुदा करून आत गेलो. आमच्या कचेरीत तेव्हा एक तरुण मॅडम साहेब म्हणून होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कायद्यात पक्क्या. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. “काका, या पत्रानं अक्षर दुरुस्त होतं. माणूस कमी होत नाही,” म्हणाल्या. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हजार वेळा हेच मी दुसऱ्यांना सांगितलेलं.

मग सिस्टरला बोलावून घेतलं. ती ड्युटी संपवून आली, बाकाच्या टोकावर बसली. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग हळूहळू तिनं जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच कळत होतं. लग्नानंतर सात वर्षांनी सासरच्यांनी तिची पेटी रस्त्यावर ठेवली होती. माहेरी वडिलांचं घर, ते पण गायरानावरचं, बिनकागदाचं. तिथनं पुढं सरकारी क्वार्टर, भाड्याच्या खोल्या, ज्या गावाला ऑर्डर त्या गावाला बिऱ्हाड. तेव्हा तिनं एकच ठरवलं होतं की कधीतरी एक दार असं असंल, ज्याच्या कागदावर फक्त तिचं नाव असंल. भावावर तिचा जीव होता. पण उद्या भाऊ नसला, किंवा भावजयीच्या मनात वेगळं आलं, तर पुन्हा आपली पेटी बाहेर येईल, ही भीती चार वर्षं तिच्या मनात होती. घरपट्टीची पावती आली की ती बघायची आणि घडी घालून ठेवायची. भावाला कधी बोलली नाही. ज्यानं आपल्यासाठी सही केली त्याला ‘तुझं नाव काढ’ असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

आणि मी इकडं छाती पुढं काढून फिरत होतो.

राहिले दोन रस्ते. एक बक्षीसपत्र, म्हणजे भावानं आपला अर्धा हिस्सा बहिणीला बक्षीस द्यायचा. बापानं लेकीला घर बक्षीस दिलं तर शुल्क अगदी नाममात्र, पण भावानं बहिणीला दिलं तर तीन टक्के. बापाचं नाव चुकून पडलं असतं तर परवडलं असतं, आता काय सांगावं. दुसरा रस्ता हक्कसोडपत्र. ते वडिलोपार्जित घराला स्वस्त, विकत घेतलेल्या घराला खरेदीइतकंच महाग. मी म्हणालो, बक्षीसपत्र करू. शुल्क मी भरतो, माझ्या चुकीचं आहे. मिलिंद नको नको म्हणाला. सिस्टरनं नको म्हटलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

घर बँकेकडं तारण, त्यामुळं आधी बँकेचं पत्र लागणार होतं. बँकेला समजावायला मी स्वतः गेलो. तीन-चार वेळा गेलो, काउंटरसमोर उभा राहिलो. ज्यानं ती चिठ्ठी लिहिली होती त्याची बदली झालेली. त्याच्यावर राग काढावा असं पहिल्या दिवशी मनात आलं होतं, पण त्याचा काय दोष? त्यानं दोन नावांच्या मधे अधिकची खूण केली, मालक कोण ते त्यानं कुठं लिहिलं होतं. अडीच महिन्यांनी पत्र मिळालं. मिलिंद कर्जाला बांधलेलाच राहील या अटीवर. त्यानं ती अट वाचली आणि ‘चालतंय की’ म्हणून सही केली.

मी बक्षीसपत्र तयार केलं. असल्या दस्ताची आमची एक ठरलेली भाषा असते. लिहून देणार यांनी नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी सदर मिळकत लिहून घेणार यांस बक्षीस दिली असून त्यांनी ती आनंदाने स्वीकारली आहे. डोळे मिटून टाईप होतं. दोघं आले. या वेळी मी कागद हातात न देता स्वतः वाचायला घेतला. ‘आनंदाने स्वीकारली’ पर्यंत आलो तेव्हा सिस्टरनं हात वर केला, शाळेत करतात तसा.

“काका, बक्षीस कशाचं? घर मी घेतलंय. मला माझंच घर कुणी बक्षीस देत असतंय का?”

मी तिला समजावलं की हा नुसता कायद्याचा शब्द आहे. ती म्हणाली, दुसरा शब्द घाला. मी म्हणालो, दुसरा शब्द हक्कसोड, आणि तो महाग आहे. ती म्हणाली, तो पण नको, हक्क सोडला असं लिहिलं तर आधी हक्क होता असं होतंय. मिलिंद मान खाली घालून बसलेला. तो एवढंच म्हणाला, “आक्का बरोबर बोलतीय, काका. म्या काय दिलंय तिला?”

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला अडवलं होतं. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सगळी नावं आठवून बघितली. जे माणसाचं नव्हतंच ते त्यानं परत करणं, याला आमच्या धंद्यात नावच नव्हतं. आणि सिस्टर त्या कागदावर सही करणार नव्हती. तिनं पेन टेबलावर ठेवलं होतं. सही झाली नाही तर ती पुन्हा अर्ध्या घराची मालकीण, आणि मिलिंदच्या लेकरांचं घर गेलं ते गेलंच.

शेवटी मी म्हणालो, दस्ताचं नाव बदलता येत नाही, पण आत हकीकत लिहिता येते. हे घर कुणाच्या कमाईचं, हे नाव कसं पडलं, सगळं लिहू. ती बघू म्हणाली. मी कॉम्प्युटर पुढं ओढला आणि बक्षिसाच्या वाक्याच्या आधी टाईप केलं: सदर मिळकतीची संपूर्ण किंमत व आजपर्यंतचे सर्व हप्ते लिहून घेणार हिने स्वतःच्या उत्पन्नातून भरले असून लिहून देणार याचे नाव मूळ खरेदीखतात चुकीने दाखल झाले आहे. वाचून दाखवलं.

सिस्टरनं विचारलं, “कुणाच्या चुकीनं?”

आमच्या भाषेत चूक नेहमी आपोआप होते. दाखल झाले, राहून गेले, नजरचुकीने पडले. करणारा माणूस कधी सापडायचा नाही. त्या शेडात बसून मी दुसऱ्यांच्या किती चुका अशा बिनमालकाच्या करून दिल्या असतील. मी ‘चुकीने’च्या आधी ‘दस्तलेखकाच्या’ असा शब्द घातला. खाली माझं नाव येणारच होतं, कोण दस्तलेखक हे कुणाला विचारायला नको. पुन्हा वाचून दाखवलं आणि तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती पेन उचलेल.

“मी विचारलं होतं काका,” ती म्हणाली.

मला कळेना. मी म्हणालो, काय विचारलं होतं?

“त्या दिवशी. पयल्या दस्ताला. मी विचारलं, कर्ज दोघांचं असलं तरी घराला माझ्या एकटीचं नाव चालत नाही का? तुम्ही म्हणलात, सिस्टर, सुया तुम्ही टोचा, दस्त आम्हाला लिहू द्या. सगळे हसले.” पुढं ती म्हणाली, “मिलिंद बी हसला. मग मी पण हसले.”

मिलिंदनं मान वर केली नाही. म्हणजे त्यालाही आठवत होतं.

मला नाही आठवलं. आजही आठवत नाही. खूप ताण देऊन बघितलं, रात्र रात्र बघितलं. तो दिवस आठवतो, चहा आठवतो, चिठ्ठी आठवते, हे वाक्य आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, यात शंका नाही. दुसऱ्या कुणाला ते तसं जमलंच नसतं. मास्तर आला की मी म्हणायचो, खडू तुम्ही धरा. ड्रायव्हर आला की म्हणायचो, स्टिअरिंग तुम्ही धरा. असे टोले मी रोज हाणायचो. त्या दिवशी तिला बरोबर माहीत होतं आणि मला चूक माहीत होतं. एक प्रश्न ऐकला असता तर तिचा टक्का वाचला असता, भावाचं घर वाचलं असतं, आणि चार वर्षं एक बाई स्वतःच्या घरात भीत झोपली नसती. मी हसवून मोकळा झालो होतो.

ती म्हणाली, “तेवढं लिहा.”

मी टाईप केलं: लिहून घेणार हिने मूळ दस्ताचे वेळी केवळ स्वतःचे एकटीचे नाव घालण्याबाबत दस्तलेखकास विचारले होते, परंतु दस्तलेखकाने ऐकून घेतले नाही. तिनं स्क्रीनवर वाकून स्वतः वाचलं, मग पेन घेतलं.

आत मॅडमनी दस्त चाळला. त्या पानावर थांबल्या. हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं असावं, कारण पान उलटायला वेळ लागला. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, “काका, हे दप्तरात कायमचं राहणार. नक्कल काढणारा कुणीही वाचणार. कायद्याला याची गरज नाही. काढून नवीन पान लावून आणा, मी थांबते.”

चांगल्या मनानं म्हणाल्या त्या. माझं वय, माझा परवाना, सगळं बघून म्हणाल्या. बाहेर प्रिंटर चालू होता, पाच मिनिटांचं काम. सिस्टर दाराजवळच्या बाकावर भावाशेजारी बसलेली, तिला ऐकू गेलं असंल की नाही कुणास ठाऊक.

“असू द्या मॅडम,” मी म्हणालो. “बाई विचारत होत्या आणि मी लोकांना हसवत होतो.”

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सुरेखाच्या नावानं हाक मारली.